निमुळत्या सांध्याची कुळकथा

मोटारीचे स्टिअरिंग फिरवले की त्या फिरण्याचा जोर ज्या दांड्याने पुढच्या चाकापर्यंत पोहोचतो त्याला टाय रॉड म्हणतात, आणि या दांड्याच्या टोकाला जो गोळा असलेला सांधा असतो, तो टाय रॉड एंड, घरच्या घरी गाडी दुरुस्त करू पाहणाऱ्यांची सर्वांत मोठी परीक्षा पाहतो. या सांध्याची खुंटी सरळ नसून निमुळती, कारागिरांच्या भाषेत टेपर असलेली असते. ती चाकाकडच्या आर्मच्या तशाच निमुळत्या भोकात बसते, खालून नट आवळून आत ओढली जाते आणि नट फिरू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन घातली जाते. पिन काढून नट सोडवला तरी खुंटी जागची हलत नाही, याला पुष्कळ जण गंजाचा प्रताप समजतात. वस्तुतः हा सांधा अडकून राहण्यासाठीच घडवलेला असतो. खुंटीचा व्यास लांबीच्या दर ८ मिलिमीटरला १ मिलिमीटर, काही गाड्यांत दर १० मिलिमीटरला १ मिलिमीटर, इतक्या मंद उताराने कमी होतो, त्यामुळे एकदा दाबून बसलेली खुंटी केवळ घर्षणाच्या बळावर धरून राहते. कुदळीचा दांडा नुसत्या हाताने ओढून निघत नाही, तोच हा प्रकार.

ही युक्ती मोटारीबरोबर जन्मली नाही. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचा दांडा पुढच्या भागाला अशाच निमुळत्या टोकाने जोडला जाई, आणि जहाजाचे सुकाणू ज्या जाड खुंट्यांवर फिरते त्या पिंटलांचीही बसण्याची तऱ्हा हीच असते: निमुळते अंग, निमुळते भोक, टोकाला भला मोठा नट. जहाजांच्या प्रतवारीचे आजचे नियमदेखील तेलाच्या दाबाशिवाय बसवायच्या अशा सांध्याला १:८ ते १:१२ एवढा उतार सांगतात, म्हणजे टाय रॉडचा उतार आणि सुकाणूचा उतार एकाच घरचे ठरतात. म्हणून या सांध्याची आणि तो सोडवण्याच्या कसबाची कुळकथा सांगायला माझगावाएवढे योग्य ठिकाण मुंबईत दुसरे नाही. येथे १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात एक लहान सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे उभे करता येईल असा हौद, बांधली गेली. त्याच परंपरेतील माझगाव डॉक १९३४ मध्ये खाजगी कंपनी झाली आणि १९६० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. शेजारच्या भायखळ्यात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची इंजिन-कार्यशाळा होती, ती पुढे १८७९ मध्ये परळला गेली. मुंबईत मोटारी येण्याआधी कितीतरी वर्षे या टापूतले फिटर निमुळते सांधे बसवत आणि उखडत होते. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला, तेव्हा बंदरालगतच्या याच पट्ट्यात जहाज, इंजिन आणि मोटार ही तिन्ही यंत्रे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आली. गोदीतले हात गॅरेजात गेले असावेत हा तर्क आहे. पण सांधा एकच असल्यावर त्याचे औषधही एकच निघावे यात नवल नाही.

ते औषध म्हणजे खुंटीवर नव्हे तर भोकाच्या बाजूवर मारलेला घाव. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड घण टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने खणखणीत ठोका द्यायचा. क्षणभर ते गोल भोक किंचित लंबगोल होते, घर्षणाची पकड सुटते आणि खुंटी टण्णकन मोकळी होते. नट मात्र पूर्ण काढायचा नसतो, दोनचार आट्यांवर ठेवायचा असतो, म्हणजे सुटलेला भाग अंगावर येत नाही आणि घाव चुकला तरी आटे वाचतात. नवशिका नेमका उलट वागतो: खुंटीच्या टोकावर खालून मारतो, टोक फुलते आणि मग ती भोकातून निघण्याची आशाही मावळते. दुबेळक्या पाचरीने सांधा फाकवणे सोपे असले तरी त्यात रबरी टोपी हमखास फाटते, म्हणून तो सांधा पुन्हा वापरायचा असेल तर स्क्रूने रेटणारा पुलरच बरा. मोठ्या जहाजांसाठी स्वीडनच्या एसकेएफ कंपनीने १९४० च्या दशकात आणखी सभ्य उपाय काढला, तो म्हणजे सांध्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये उच्च दाबाने तेल घुसवणे.

गंजाचे प्रकरण वेगळे. ट्रकच्या पुढच्या आसातला किंगपिन, ज्याच्याभोवती चाकाचा भाग वळतो, तो निमुळता नसून सरळ असतो आणि आडव्या कॉटरने जागी धरलेला असतो. ग्रीस पोहोचले नाही की तो गंजाने चिकटतो. लोखंडापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे बारीकशी फटही ठासून भरते, आणि माझगावच्या खाऱ्या हवेत हे काम लवकर उरकते. येथे बाजूचा घाव पुरत नाही. आधी कॉटर काढणे, रॉकेल किंवा गंज भेदणारे तेल रात्रभर मुरू देणे, मग प्रेस, हाच क्रम. अमेरिकेत १९५३ मध्ये अॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचाला गंज लागू नये म्हणून तयार झालेले डब्ल्यूडी-४० हे १९५८ पासून फवाऱ्याच्या डब्यात घराघरांत गेले; मुंबईच्या फुटपाथवर मात्र रॉकेलने आपली जागा सहजी सोडली नाही. माझगावालगतच्या दारूखान्यात जहाजे तोडणाऱ्यांच्या हाती असते तशी गॅसची ज्योत अखेरचा उपाय म्हणून सुचते खरी, पण स्टिअरिंगचा आर्म लाल होईपर्यंत तापवला तर त्याला दिलेले पाणी उतरते, आणि बंद सांध्यातले ग्रीस तापून उसळू शकते. जो भाग फेकूनच द्यायचा आहे त्यावर ही मर्दुमकी चालेल. ज्याच्या भरवशावर गाडी वळणार आहे त्यावर नाही.

नवा सांधा बसवताना याच शास्त्राचा दुसरा भाग येतो. निमुळती खुंटी आणि भोक दोन्ही पुसून कोरडी करावी लागतात, कारण सांधा धरून ठेवण्याचे काम घर्षणाचे आहे आणि तेल नेमके तेच कमी करते. जुना टाय रॉड एंड किती फेरे फिरवून निघाला ते मोजून नवा तितकेच फेरे चढवावा लागतो, आणि तरीही चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावेच लागते.