चिंताशामक औषधे, स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांतील

चिंताशामक औषधे, स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांतील : स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार किंवा हार्मोनविरोधी उपचार चालू असताना चिंता, धास्ती, निद्रानाश आणि भीतीचे झटके आटोक्यात आणण्यासाठी दिली जाणारी औषधे. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. लोराझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेंझोडायझेपिने तासाभरात गुण देतात. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, व्हेन्लाफॅक्सिन ही मुळात नैराश्यावरची औषधे चिंतेवरही चालतात, पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. हायड्रॉक्सिझिन, प्रोप्रानोलोल, प्रेगाबालिन, मिर्टाझापिन यांचाही प्रसंगानुसार वापर होतो. या रुग्णांच्या पोटात त्याच काळात इतरही बरीच औषधे जात असतात. त्यामुळे चिंताशामक गोळीचे दुष्परिणाम कर्करोगाच्या चिठ्ठीशेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

चिंता की औषधाचाच परिणाम : गोळी लिहिण्याआधी हा प्रश्न विचारला जायला हवा आणि घाईत तोच राहून जातो. केमोसोबत ओकारी टाळण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छाती धडधडते, उगाच चिडचिड होते. दोन-तीन दिवसांनी ते थांबले की अंग गळून जाते आणि उदास वाटते. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या ओकारीवरच्या औषधांनी काहींना अकाथिसिया होतो : बाई खुर्चीत बसते, लगेच उठते, येरझारा घालते, पाय एका जागी ठरत नाहीत, हातातले सलाईन काढून पळून जावेसे वाटते. जवळच्यांना वाटते, ती घाबरली आहे. इथे मुख्य उपाय त्रास देणारे औषध थांबवणे किंवा बदलणे हाच असतो. हार्मोनविरोधी उपचारांत अंगातून वाफा निघतात, दरदरून घाम फुटतो. तेही भीतीच्या झटक्यासारखेच दिसते. रक्तक्षय आणि थायरॉइडचे बिघाड यांनीही धडधड होते. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधे हृदयाला इजा करू शकतात. एकाएकी दम लागला, छातीत दुखू लागले, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. अशा वेळी ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून गोळी देणे जिवावर बेतू शकते.

बेंझोडायझेपिने : या वर्गाचा शोध लिओ स्टर्नबाख यांनी रोश कंपनीत लावला. क्लोरडायझेपॉक्साइड 1960 मध्ये आणि डायझेपाम 1963 मध्ये बाजारात आले. मेंदूतील गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम ती वाढवतात. एमआरआयच्या नळीत जीव गुदमरतो त्यांना, किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांचा चांगला उपयोग होतो. आणखी एक उपयोग खास केमोचा आहे. पहिल्या एक-दोन केमोत खूप ओकाऱ्या झालेल्या काही जणींना पुढच्या वेळी रुग्णालयाच्या जिन्यातल्या फिनेलच्या वासानेच मळमळू लागते. सलाईन अजून लागलेलेही नसते. या आगाऊ मळमळीवर नेहमीची ओकारीची औषधे फारशी चालत नाहीत. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी दिलेले लोराझेपाम मात्र पुष्कळदा उपयोगी पडते.

दुष्परिणाम म्हणजे गुंगी, तोल जाणे, नुकतीच घडलेली गोष्ट न आठवणे. केमोमुळे आधीच विसरभोळेपणा आलेला असतो, त्यात ही भर पडते आणि रुग्णाला आपली बुद्धीच गेली असे वाटू लागते. वयस्क स्त्रियांत पडण्याचा धोका अधिक गंभीर आहे, कारण लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या हार्मोनविरोधी गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात. रात्री लघवीला उठताना झोक गेला तर खुबा मोडू शकतो. हाडांत पसरलेल्या रोगासाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडोल चालू असेल, तर त्या औषधाच्या आणि बेंझोडायझेपिनच्या एकत्रित परिणामाने श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला.

रोज घेतल्यास काही आठवड्यांतच शरीराला या औषधांची सवय लागते. मग ती एकदम बंद केली तर मूळ चिंतेपेक्षा जास्त अस्वस्थता, हाताला कंप, प्रसंगी फिटचे झटके येतात. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास लिहून देतात. पहिले औषध महिनोन्महिने घ्यायचे असते आणि दुसरे थोड्या दिवसांत थांबवायचे असते. एका गोळीत दोन्ही असल्यावर एकच कमी करता येत नाही. कर्करोगाच्या लांबलचक उपचारांत अशी जोडगोळी टाळलेलीच बरी.

या वर्गातही निवड करायला वाव आहे. अल्प्राझोलामचा निचरा यकृतातील सीवायपी 3ए4 या विकरावर अवलंबून असतो. ओकारीवरचे अ‍ॅप्रेपिटंट आणि पसरलेल्या कर्करोगात वापरले जाणारे रायबोसिक्लिब हे विकर अडवतात, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतही गुंगी वाढू शकते. लोराझेपामचा निचरा वेगळ्या वाटेने होतो.

टॅमॉक्सिफेनशी गाठ : सर्वांत जपायची जागा ही. टॅमॉक्सिफेन हे हार्मोनविरोधी औषध बऱ्याच अंशी कच्चे असते. यकृतातील सीवायपी 2डी6 हे विकर त्याचे एंडॉक्सिफेन करते, आणि पेशींतील इस्ट्रोजेनची जागा अडवण्याचे काम एंडॉक्सिफेन कितीतरी पटींनी जोरात करते. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही नैराश्यावरची औषधे हेच विकर जोरात बंद पाडतात. रक्तातले एंडॉक्सिफेन घटते, आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही : पुरळ नाही, ओकारी नाही, मन उलट शांत झालेले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या 2,430 वयस्क स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ सोबत घेतले गेले, तितके स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू वाढलेले त्यात आढळले. नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांत असा फरक दिसला नाही, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण व्हेन्लाफॅक्सिन, सिटालोप्राम, एसिटालोप्राम हे विकर फारसे अडवत नाहीत. सर्ट्रालिन मधले आहे. चांगला पर्याय हाताशी असताना टॅमॉक्सिफेनच्या पाच ते दहा वर्षांत पॅरॉक्सेटिनचा धोका पत्करण्याचे कारण नाही. आधीपासून ते चालू असेल तर ते मनाने एकदम थांबवू नये. बदल डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांबाबत ही अडचण येत नाही.

व्हेन्लाफॅक्सिनने अंगातून निघणाऱ्या वाफाही कमी होतात, हा दुहेरी लाभ आहे. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि एक-दोन मात्रा चुकल्या तरी चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके जाणवतात. नैराश्यावरच्या औषधांच्या या साऱ्या वर्गात सुरुवातीला मळमळ होते आणि पहिल्या आठवड्यात चिंता थोडी वाढू शकते. हे आधी सांगितले नाही तर गोळी तिसऱ्याच दिवशी टाकून दिली जाते. वयस्कांत रक्तातील सोडियम उतरू शकते. सिटालोप्राम आणि एसिटालोप्राम हृदयाच्या ठोक्यातील क्यूटी हे अंतर लांबवतात. ओकारीवरचे ऑन्डान्सेट्रॉन आणि रायबोसिक्लिबही तेच करतात. ही औषधे एकत्र आली तर ईसीजी काढून घ्यावा लागतो. कामेच्छा मंदावणे हा दुष्परिणाम बायका क्वचितच बोलून दाखवतात. हार्मोनविरोधी उपचारांनी आलेल्या कोरडेपणात त्याची भर पडते, म्हणून डॉक्टरांनीच तो विषय काढायला हवा.

ओलान्झापिन हे चिंताशामक नव्हे, पण केमोच्या मळमळीवर ते दिल्यावर झोप येते आणि सोबत लोराझेपाम असेल तर ती अतीच होते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 10 मिलिग्रॅमऐवजी 2.5 मिलिग्रॅम देऊनही ओकारी तितकीच आटोक्यात राहिली आणि दिवसाची झोपाळू अवस्था बरीच कमी झाली. चाचणीतले रुग्ण डॉक्सोरुबिसिन–सायक्लोफॉस्फामाइड किंवा जास्त मात्रेचे सिस्प्लॅटिन घेणारे होते.

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे कर्करुग्णांच्या चिंतेवर विचार-वर्तन उपचार, सजगतेचा सराव अशा मानसोपचारांना पहिले स्थान देतात आणि औषधाला त्यानंतरचे. तालुक्याच्या गावी असा समुपदेशक मिळणे कठीण, त्यामुळे गोळी आधी हाती पडते. ताण घालवायला म्हणून घेतलेल्या अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना ती डॉक्टरांना न सांगता घेऊ नये.

भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड ही औषधे 2014 पासून अनुसूची एच-1 मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि मेडिकलवाल्याला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वहीत लिहून ती तीन वर्षे जपून ठेवावी लागते. घरातल्या दुसऱ्या कुणाची उरलेली पट्टी रुग्णाला दिली की ही नोंद होतच नाही, आणि केमो देणाऱ्या डॉक्टरांना त्या गोळीची माहितीही राहत नाही.