तेराव्या वर्षीचे दात

माझे तेराव्या वर्षीचे दात माझ्याकडे आहेत. पांढऱ्या प्लास्टरचे, वरचे आणि खालचे असे दोन तुकडे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या रेशनकार्डाखाली. मागच्या बाजूला पेन्सिलीने माझं नाव आणि १९९१. खालच्या तुकड्याचा एक कोपरा मातकट झालाय, तो २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी उल्हास नदीचं पाणी कर्जतजवळच्या दहिवलीत आमच्या ओट्यावरून घरात शिरलं आणि कपाटाचा खालचा कप्पा भिजला. वरच्या तुकड्यात डावा सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून बसलेला दिसतो. गेल्या वर्षापर्यंत माझ्या तोंडातही तो तस्साच होता.

आता मी ४७ वर्षांची आहे. खालापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि गेल्या रविवारपर्यंत वर्गात उभी असताना दातांवर पारदर्शक प्लास्टिकचं पातळ टोपण चढवलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात ‘स’ म्हणताना शीळ निघायची. पहिलीतल्या एका पोराने दोन दिवस निरखून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, “बाई, तुमच्या तोंडात पिशवी हाये का?”

या पिशवीपायी मी आमच्याकडच्या दातांचा मागोवा घेऊ लागले. घरातूनच सुरुवात केली, कारण आजीच्या लेखी माझा सुळा म्हणजे भाग्य होतं. दातावर दात आला की पोरगी घरात लक्ष्मी आणते, असं ती म्हणायची. माझा पहिला दुधाचा दात शेणात गुंडाळून तिनेच कौलांवर भिरकावला होता आणि उंदराकडे त्याच्यासारखा बारीक, टोकदार दात मागितला होता. उंदराने ऐकलं, पण जागा चुकवली.

आजीच्या सासूचे दात काळे होते. मुद्दाम काळे केलेले. दातवण हा शब्द आता बोलण्यातून गेला, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लग्न झालेल्या बाईच्या शृंगारात तो कुंकवाच्या आसपास होता. हिरड्यासारखं तुरट फळ आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग धरतो. बोरूची शाई करायची तीही याच जातीची. म्हणजे आमच्या पणजीच्या दातांवर शाई होती, आणि ती देखणी समजली जायची. डोंगरातले कातकरी खैराच्या लाकडातून कात काढत, त्यावरूनच त्यांना नाव पडलं. तो कात पानात जाई आणि पुरुषांचे दात लाल होत. पुढे आजीच्या पिढीला मिसरी लागली. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो खमंग, घशात बसणारा वास दुपारी चारच्या सुमारास आमच्या आळीत घराघरांतून यायचा. मिसरी वाईट, तंबाखूच ती, हिरड्या खाते. हे मी शाळेत शिकवते आणि घरी येऊन आईच्या हातात डबी बघते.

मिसरी न लावणाऱ्यांना राखुंडी. आमच्या भाताच्या मुलखात तूस मुबलक, त्याची राख, त्यात मीठ. नाहीतर करंजाची किंवा बाभळीची काडी. मग माकडछाप काळी पावडर, मग ट्यूब. १९५२ साली परळला केशव विष्णू पेंढारकरांनी विको काढली आणि त्यांची वज्रदंती पुढे टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरून खेड्यापाड्यांत ठाऊक झाली. गंमत बघा, या सगळ्या मालात मागणी मजबुतीची आहे. दात हलू नये, दुखू नये, म्हातारपणी ऊस सोलता यावा. रंगाबद्दल आवडीनिवडी होत्याच. पण दात एका रेषेत असावेत, ही इच्छाच मला आजीच्या बोलण्यात कुठे सापडत नाही. मुलगी बघायला आलेले लोक पुढे आलेल्या दातांवरून नाक मुरडत, तेवढंच. आणि त्यावर इलाज म्हणजे मुलीने तोंड मिटून हसायचं.

त्यात बहुतेकांचे दात मुळात बऱ्यापैकी सरळ असत, असाही माझा संशय आहे. रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने भारतातल्या सहकाऱ्यांबरोबर चंदीगड शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांचे दात तपासले होते. १९८३ साली ते काम छापून आलं. शहरी तोंडांत दातांची गर्दी जास्त आढळली. त्याचं म्हणणं असं की, लहानपणी चिवट, भरड खाल्लं तर जबडा रुंद वाढतो. मऊ खाल्लं तर हाड आखडतं आणि दातांना जागा पुरत नाही. सगळेच तज्ज्ञ हे पुरतं मान्य करत नाहीत. पण माझ्या वर्गात ठाकूरवाडीची आणि कातकरवाडीची मुलं बसतात, त्यांच्या दातांना कीड भरपूर लागलेली दिसते, पाच रुपयांच्या पुड्यांची कृपा. गर्दी मात्र क्वचितच.

दात दुखलाच तर? लवंग. नाही थांबला तर बाजारात रस्त्याकडेला कापड पसरून बसलेला दात काढणारा. त्याच्यापुढे काढलेल्या दातांचा ढीग असे, तीच त्याची पाटी. आजोबांनी त्याच्याकडे दाढ उपटून घेतली आणि तोंडात मिठाचा बोळा धरून चालत घरी आले, ही आमच्या घरची शौर्यकथा. अशा माणसांना सरकारने देशभर चाप लावला तो १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने. त्यातही मधली वाट होती: नोंदवहीचे दोन भाग केले, पदवीवाले पहिल्या भागात, आणि पदवी नाही पण धंदा पाच वर्षं करतायत ते दुसऱ्या भागात. शिकलेले होतेच किती? कलकत्त्याला डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० साली काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं १९३३ मध्ये आलं, मग बोरीबंदरजवळचं सरकारी.

बोरीबंदर हे महत्त्वाचं, कारण आमची गाडी तिथेच जाते. आमच्याकडे रेल्वे फार लवकर आली. घाट चढायच्या सात वर्षं आधी, १८५६ साली, गाडी खोपोलीपर्यंत येऊन थांबत होती. पुढचा घाट लोक पालखीने नाहीतर तट्टावरून चढत. १८६३ मध्ये भोर घाटाचा मार्ग सुरू झाला आणि कर्जत जंक्शन झालं. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवू लागली. माल, वीज, दूध, माणसं, सगळं इथून खाली मुंबईला जायचं. दात दाखवायलाही माणसंच जायची. रेल्वेने शंभर किलोमीटर, लोकलने दोन तासांच्या वर, आणि तेवढंच परत.

एकदा दात उपटायला जाणं जमतं. दात सरळ करायला दर महिन्याला जावं लागतं. माझ्या मते आमच्याकडच्या वाकड्या दातांचं सगळं मर्म या ‘दर महिन्याला’मध्ये आहे.

ही विद्या तशी जुनी. पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ च्या आपल्या ग्रंथात धातूची कमानदार पट्टी दाखवली आहे; दात तिला दोऱ्याने बांधून हळूहळू ओढून घ्यायचे. अमेरिकेच्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वरखालच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून वाकडेपणाचे तीन वर्ग पाडले, ते अजून शिकवतात. त्या काळी जवळजवळ प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं ठोकून बसवत आणि कड्यांतून तार ओवत. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाताचं कवच आम्लाने किंचित खरबरीत केलं की त्याला पदार्थ घट्ट चिकटतो, हे दाखवलं. म्हणून आज नुसता ठिपका चिकटवून काम भागतं. पण कडं असो की ठिपका, तार सैल होते, तुटते, ती कुणीतरी आवळावी लागते.

आमच्या वर्गात तारा होत्या त्या दोघींच्या दातांवर, दोघी रेल्वे क्वार्टर्समधल्या. त्यांच्या घरी पास होता.

मलाही नेलं होतं, १९९१ मध्ये. मुंबईतल्या एका सरकारी दवाखान्यात गुलाबी लगद्यासारखं काहीतरी ट्रेमध्ये भरून तोंडात कोंबलं, मला उमासे आले, आणि त्या ठशात प्लास्टर ओतून हा साचा निघाला. मग टाळूला बसणारी तारेची प्लेट मिळाली. पैसे नाममात्र होते. पण पहाटेची लोकल, दुपारपर्यंत बाकड्यावर बसणं, संध्याकाळच्या गर्दीत परत. बाबा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर, म्हणून आई यायची. तिसऱ्या खेपेनंतर भाताची लावणी आली. मग गणपती. मग कापणी. प्लेट ढिली झाली ती झालीच, आणि साचा मात्र आईने मागून घरी आणला, टाकवेना म्हणून. “वय निघून गेलं आता,” हे वाक्य सोळाव्या वर्षापासून माझ्या दातांबद्दल बोललं गेलं. ते चुकीचं होतं, हे मला पंचेचाळिशीत कळलं.

जबड्याचं हाड मरेपर्यंत मोडतं आणि भरतं. दाताला एका बाजूने हलका दाब दिला की तो ज्या बाजूला रेटला जातो तिथलं हाड विरघळतं, मागे पडलेल्या पोकळीत नवं भरतं. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते जरा सावकाश होतं, एवढंच. माझे काका कर्जतला रेल्वेत गँगमन होते. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे रूळ सरकवायचाच प्रकार.” आणि ओसरीवर बसून समजावू लागले. रूळ वाकडा गेला तर नुसत्या पहारी लावून तो येत नाही. आधी स्लीपरच्या टोकाची खडी उकरून जागा करायची. मग दहा-बारा जणांनी एका हाकेसरशी रेटायचं, बोटभर. मग परत खडी ठासायची. “आणि लगेच गाडी जोरात सोडलीस तर रूळ जुन्या जागेला परत जातो. कॉशन लावावं लागतं.” माझ्या डॉक्टरबाईंनी दोन दातांमध्ये बारीक कानस फिरवून केसभर जागा केली होती, ते काकांना सांगितलं नव्हतं, त्यांना ते ठाऊकच होतं म्हणायचं.

ही टोपणं कुणाला सुचली, तीही कथा मोठ्या माणसाचीच आहे. १९४५ मध्ये हॅरोल्ड केसलिंग यांनी रबराचा एक साचा केला होता. तारा काढल्यावर उरलेसुरले दात त्याने जागेवर येत. दाताचा साचा थोडा थोडा बदलत नेला तर मोठं अंतरही कापता येईल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पण दर टप्प्याला प्लास्टरचे दात हाताने कापून मेणात रोवायला कुणाला वेळ होता? पुढे झिया चिश्ती या पाकिस्तानी-अमेरिकन तरुणाने मोठेपणी तारा लावून घेतल्या. दात जागेवर राहावेत म्हणून नंतर मिळालेला रिटेनर काही दिवस घातला नाही की दात सरकत, परत घातला की जागेवर येत. म्हणजे प्लास्टिकही दात हलवतं. हे टप्पे संगणकावर आखायचे, असं ठरवून त्याने केल्सी वर्थबरोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी काढली. १९९८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची परवानगी मिळाली. दोघांपैकी एकही दाताचा डॉक्टर नव्हता. २०१७ पासून त्यांची मूळ पेटंटं संपत गेली, इतर कंपन्या आल्या, आणि लाटेचं पाणी कर्जतपर्यंत पोचलं.

स्टेशनाजवळच्या दवाखान्यात दर दुसऱ्या रविवारी नवी मुंबईहून ऑर्थोडॉन्टिस्ट बाई येतात. लोकलनेच येतात. एकशे सत्तर वर्षं आम्ही खाली उतरत होतो, आता दात बघायला कुणीतरी वर येतं, याचं मला पहिल्या दिवशी दातांपेक्षा जास्त कौतुक वाटलं. पेनाएवढा कॅमेरा तोंडात फिरवला, पडद्यावर माझे दात उमटले. लगदा नाही, उमासे नाहीत. २६ टोपणं, प्रत्येक दहा दिवस, दिवसाचे बावीस तास. एका टोपणात दात जास्तीत जास्त पाव मिलिमीटर सरकतो. सुळ्यावर पकड मिळावी म्हणून दाताच्याच रंगाचा बारीक उंचवटा चिकटवला. एक लाख दहा हजार रुपये, हप्त्याने. आईला मी पन्नास हजार सांगितले.

चहा पिताना टोपण काढावं लागतं. आमच्या शिक्षक-खोलीत चहाला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात माझा चहा निम्म्यावर आला. अकराव्या टोपणाची मात्र वाट लागली. कर्जत स्टेशनवर वडा घेतला, टोपण कागदी रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवलं, वडा खाल्ला, आणि रुमाल चुरगाळून वड्याच्या कागदासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला. भिवपुरी गेल्यावर जीभ दातांवरून फिरली. डॉक्टरबाई फोनवर हसल्या, म्हणाल्या बारावं चढवा, दोन दिवस दुखेल. दुखलं.

गेल्या रविवारी सव्विसावं टोपण उतरलं. घरी येऊन मी डबा उघडला, प्लास्टरचा वरचा तुकडा हातात घेतला आणि आरशापुढे उभी राहिले. सुळा रांगेत आलाय. आजीचं भाग्य गेलं म्हणायचं. आई मागे येऊन उभी राहिली. बहात्तर वर्षांची आहे, दात मिसरीने काळपट आणि एका ओळीत, मोत्याच्या सरीसारखे.

“आता हे काढलं म्हणजे परत वाकडे नाही ना होणार?”

“होऊ शकतात. म्हणून रात्री रिटेनर घालायचा.”

“किती दिवस?”

“कायमच.”

आईने कमरेची डबी काढली, चिमूट घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “मग मला कशाला बोलतेस?”