ताटातली पोळी आणि रेशनचं कार्ड

या मालिकेत आपण आतापर्यंत लढायांवर, किल्ल्यांवर आणि तहांवर बोललो. आज रणांगण सोडून स्वयंपाकघरात येऊ. "उद्या डब्याला काय?" आणि "रविवारी वीस-पंचवीस माणसं येणार, बेत काय करायचा?" हे दोन प्रश्न तंजावरपासून ग्वाल्हेरपर्यंत प्रत्येक मराठी घरात विचारले जातात. उत्तर घरातली माऊली देते, असं आपण समजतो. माझं म्हणणं असं आहे की गेल्या ऐंशी वर्षांत त्यातलं निम्मं उत्तर सरकारी गोदामातून आलेलं आहे. सैन्य पोटावर चालतं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं गेलं. घरही पोटावरच चालतं, आणि घराच्या रसदेचाही इतिहास असतो.

जेवणावर आपल्याकडे जुनं लेखन नाही असं नाही. १७ व्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याची 'शरभेंद्र पाकशास्त्र' ही मराठी पोथी आहे. पण राजवाड्यातला पुलाव लिहून ठेवला जातो, सोमवारची भाकरी कोणी लिहून ठेवत नाही. सामान्य घराचं दुपारचं जेवण समजून घ्यायचं, तर धान्याचा माग काढावा लागतो.

तो काढला की दिसतं ते असं. देशावर रोजची भाकरी, ज्वारीची नाहीतर बाजरीची. कोकणात भात आणि कुळथाचं पिठलं. माळव्यात गेलेल्या मराठी घरांत गहू, तंजावरला तांदूळ. म्हणजे माणूस जिथे गेला तिथल्या मातीचं धान्य त्याच्या ताटात आलं, आमटी आणि गोडा मसाला मात्र बरोबर राहिला. देशावरच्या शेतकरी घरात गव्हाची पोळी म्हणजे सणाचा किंवा पाहुण्याचा मान. जावई आला की पोळी, एरवी भाकरी. आज नेमकं उलट झालंय. डब्यात रोज पोळी असते आणि हुरडा पार्टीला, नाहीतर हॉटेलात, आपण पैसे मोजून भाकरी मागवतो. ही उलथापालथ कशी झाली?

सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं मेली. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १९४६ मध्ये रेशनचं प्रमाण माणशी रोज १२ औंसांवर, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम धान्यावर आलं. ज्यांच्या जेवणात धान्याशिवाय फारसं काही नाही, अशा कष्टकऱ्यांचं यात भागत नाही. "घरात काय शिजवू?" याऐवजी "दुकानात काय आलंय?" हा प्रश्न तेव्हापासून आधी विचारला जाऊ लागला.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न संपला नाही. १९५१ संपेपर्यंत परदेशी धान्य बंद करायचं, असं पंडित नेहरूंनी जाहीर केलं होतं. ते साधावं म्हणून लोकांना सांगितलं गेलं की तांदूळ-गहू कमी खा, रताळी खा, केळी खा, आठवड्यातून एखादं जेवण सोडा. कन्हैयालाल मुन्शी तेव्हा अन्नमंत्री होते. लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहं निघाली आणि तिथे तांदूळ-गव्हाशिवाय केलेले पदार्थ मिळत. आज आपण "रोजच्या जेवणासाठी नवे पदार्थ" हौसेनं शोधतो. त्या काळी ती राष्ट्रीय मोहीम होती.

तरी धान्य पुरेना. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी करार झाला आणि पीएल-४८० या कायद्याखाली गहू येऊ लागला. तो बोटीतून उतरला आणि रेशनच्या दुकानातून ज्वारीच्या मुलखात शिरला. ज्या बायांचे हात भाकरी थापण्यात तयार झाले होते, त्या पोळ्या लाटू लागल्या. माझ्या मते आपल्या ताटातली सर्वात मोठी क्रांती ही, आणि तिची तारीख कोणी पाठ करत नाही.

मग १९६५ चं युद्ध आलं. सीमेवर लढाई आणि पोट मात्र परक्या बोटीवर अवलंबून, ही परिस्थिती कुठल्याही सैनिकाला अस्वस्थ करणारी आहे. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि लोकांनी ते मनापासून पाळलं. 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्याच वर्षीची. एरवी ती भाषणात वापरली जाते, पण तिचा अर्थ अगदी व्यवहारी होता: दाणा आपला नसेल तर बंदूकही पूर्णपणे आपली नसते.

त्याच वर्षी, १४ जानेवारी १९६५ ला, भारतीय अन्न महामंडळ सुरू झालं. त्याचं पहिलं जिल्हा कार्यालय तंजावरला होतं, हे आपल्या तंजावरच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. १९६६ मध्ये आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणवलं, स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले, आणि पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यानं शिवारात ते करून दाखवलं. १९६४-६५ मध्ये १ कोटी २३ लाख टन असलेला गहू १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेला. १९६८ साली सरकारनं गहू क्रांतीचं टपाल तिकीटही काढलं.

महाराष्ट्राला मात्र आणखी एक घाव सोसायचा होता, १९७२ चा दुष्काळ. त्या वेळी मी शाळेत होतो. रेशनवर 'मिलो' नावाची तांबडी परदेशी ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की दाताला झुंजवायची. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जायची. माझ्या पिढीतल्या माणसाला ताटात टाकलेलं अन्न पाहवत नाही, त्याचं कारण तिथे आहे.

याच साठ-सत्तरच्या दशकांत अनेक राज्यांत पाहुणे नियंत्रणाचे आदेश निघाले. समारंभात ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त माणसांना जेवण वाढणं हा गुन्हा होता. लग्नाची पंगत किती माणसांची, हे सरकार ठरवत होतं! आज तरुण मुलांना हे सांगितलं तर हसतात. पण त्याच काळात, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं ते पुस्तक नव्या सुनेच्या हाती हमखास असे. माप बिघडून पदार्थ वाया जाणं ज्या घरांना परवडत नव्हतं, त्यांना त्याची किंमत कळत होती.

आता या इतिहासाचा आजच्या दुपारच्या जेवणाशी संबंध काय? टंचाईनं आपल्या आज्यांकडून जे करून घेतलं, तेच रोजच्या जेवणाचे उत्तम बेत आहेत. सोमवारी पिठलं, ज्वारीची भाकरी, कांदा. मंगळवारी मोडाच्या मटकीची उसळ, पोळी, ताक. बुधवारी वरणफळं, मराठवाड्यात त्यांना चकोल्या म्हणतात, आणि बडोद्याची मंडळी त्यांची गाठ दाळ-ढोकळीशी घालतात. गुरुवारी भाजणीचं थालीपीठ आणि दही. शुक्रवारी मुगाची खिचडी आणि कढी. पाच दिवसांत चार-पाच धान्यं आणि तितक्याच डाळी पोटात गेल्या, खर्च बेताचा, आणि तासाभरात स्वयंपाक उरकला.

घरच्या मोठ्या जेवणासाठी मी पलटणीतली रीत सांगतो. आमच्याकडे 'बडा खाना' असतो. अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. आटा खाणारे आणि भात खाणारे, दोघांचीही सोय बघावी लागते. लंगर कमांडर आधी माणसं मोजतो, मग पदार्थ ठरवतो. आपण घरी उलटं करतो: आधी बारा पदार्थ ठरवतो आणि मग उरलेलं अन्न कुठे द्यायचं याचा शोध घेतो. पंचवीस माणसांना मसालेभाताला २ किलो तांदूळ, उसळीला १ किलो मटकी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि एक गोड, एवढं पुष्कळ होतं. रविवारचं जेवण असेल तर मटकी शुक्रवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा, रविवारपर्यंत छान मोड येतात. भाकऱ्या गरम हव्यात, म्हणून दोघांनी आळीपाळीनं तव्यापाशी उभं राहायचं. त्यात पुरुषही आले. लंगरमध्ये आमचे जवानच रोट्या भाजतात आणि त्यात कुणाची मिशी खाली येत नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. छान झालं. पण ज्वारी पुस्तिकेत टिकत नाही, शेतात टिकते, आणि शेतात ती तेव्हाच राहते जेव्हा शहरातल्या घरात आठवड्यातून दोनदा तरी भाकरी होते. गव्हानं आपल्याला परक्या बोटीपासून सोडवलं, त्याचे उपकार आहेतच. पण एकाच धान्यावर सगळी भिस्त ठेवणं हे रसदेच्या नियमात बसत नाही. वाटा दोन असाव्यात, एक अडली तर दुसरी चालते.

पुढच्या भागापर्यंत एक काम करा. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल, तर रेशनच्या दिवसांत दुपारी काय शिजायचं ते विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. राजांच्या मुदपाकखान्याच्या पोथ्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. आपल्या घरची पोथी आपल्यालाच लिहायची आहे, आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

जय हिंद.