चिठ्ठ्या, सोडत आणि जुगार : ख्रिस्ती धर्मविचार

शेती म्हणजे पावसाबरोबर खेळलेला जुगार, असे मराठवाड्यात सहज बोलले जाते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठच्या परिसरात कापूस लावणारा शेतकरी बियाणे, खत आणि मजुरी यांवर पैसा घालतो आणि पाऊस, बोंडअळी व बाजारभाव यांच्या स्वाधीन होतो. मग आकड्यावर दहा रुपये लावणारा त्याच्याहून निराळे काय करतो? ख्रिस्ती नीतिविचाराचे उत्तर असे की, धोका पत्करणे हा दोष नव्हे. शेतकऱ्याच्या यशातून जगात कापूस वाढतो. जुगारात काहीही निर्माण होत नाही. एकाला जे मिळते ते दुसऱ्याने गमावलेले असते.

बायबलमधील चिठ्ठ्या

'जुगार खेळू नये' अशी स्पष्ट आज्ञा बायबलमध्ये कोठेही नाही. उलट चिठ्ठ्या टाकल्याचे उल्लेख अनेक आहेत. यहोशवाच्या काळात इस्राएलच्या वंशांना जमिनीची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित म्हणून मत्थियाची निवडही याच रीतीने झाल्याचे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सांगितले आहे. या प्रसंगांत कोणी पैज लावलेली नव्हती. पक्षपात टळावा आणि निर्णय देवावर सोपवावा, एवढाच हेतू होता. आजही घरांच्या वाटपासाठी किंवा प्रभागांच्या आरक्षणासाठी सोडत काढली जाते, तिला कोणी जुगार म्हणत नाही. मात्र येशूला क्रुसावर खिळल्यानंतर रोमन शिपायांनी त्याच्या झग्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मरणाऱ्या माणसाच्या वस्त्रावर नशीब अजमावणारे ते शिपाई ख्रिस्ती मनात लोभाचे चित्र होऊन राहिले.

जुगाराचा निषेध ख्रिस्ती परंपरेने इतर शिकवणींतून काढला. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, ही दहा आज्ञांपैकी एक होय. देव आणि धन या दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, असे येशूने बजावले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात श्रीमंत होण्याची हाव माणसाला विनाशाकडे नेते, असा इशारा आहे.

धर्मसभांचे निर्णय

प्रारंभीच्या चर्चने या बाबतीत कडक धोरण स्वीकारले. इ. स. ३०६ च्या सुमारास स्पेनमधील एल्विरा येथे भरलेल्या धर्मसभेने पैसे लावून फासे खेळणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा नियम केला. खेळ सोडल्यानंतर वर्षभराने त्याला पुन्हा सामावून घेता येई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंना फासे खेळण्यास व असे खेळ पाहण्यासही मनाई केली.

पुढे मतभेद दिसू लागले. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा सांगते की, नशिबाचे खेळ मुळातच अन्याय्य नाहीत. परंतु स्वतःच्या व कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यांत जाऊ लागला की ते अनैतिक ठरतात. खेळाच्या नादाने माणूस गुलाम होण्याचा धोकाही तीत नमूद आहे. अनेक प्रॉटेस्टंट पंथ इतकीही सवलत देत नाहीत. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी पैशाच्या विनियोगावरील प्रवचनात, शेजाऱ्याची मालमत्ता बुडवून मिळवलेला लाभ निषिद्ध ठरवला आणि त्यात जुगार मोडतो असे सांगितले.

दानधर्मासाठी लॉटरी

चर्चची खरी कसोटी लागते ती जुगाराचा पैसा सत्कार्याला जातो तेव्हा. १७८३ मध्ये पोर्तुगालची राणी पहिली मारिया हिने लिस्बनच्या सांता काझा द मिझरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेला लॉटरी चालविण्याची परवानगी दिली. तिचे उत्पन्न रुग्णालय आणि अनाथ बालके यांच्यासाठीही होते. चर्चच्या मदतनिधीसाठी काढली जाणारी रॅफल आणि सणासुदीची हाउजी यांच्या समर्थनार्थ आजही हाच युक्तिवाद केला जातो.

गोव्यात मात्र हा प्रश्न अधिक तीव्र झाला. तेथील १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे चालविण्यास वाव मिळाला. पुढील दुरुस्तीने जहाजांवरील कॅसिनोंना वाट करून दिली. मांडवीतील या कॅसिनोंना गोव्यातील चर्चच्या सामाजिक न्याय व शांती परिषदेने विरोध केला. महसूल आणि रोजगार यांच्यापेक्षा कुटुंबांची हानी मोठी, ही विरोधामागील भूमिका होती.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात मटक्याचा उगम कापसाशीच जोडलेला आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आली आणि 'मटका' हे नाव रूढ झाले. १९६९ मध्ये राज्य सरकारने स्वतःची लॉटरी सुरू केली. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये म्हटले होते; सरकारने चालविली म्हणून लॉटरीचे जुगाराचे स्वरूप पालटत नाही, असेही १९९९ मध्ये स्पष्ट केले. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.

कायद्याचा निकष आणि धर्माचा निकष एकच नसतो. परवाना असलेले तिकीटही ख्रिस्ती विचाराला निर्दोष वाटत नाही. हा पैसा कोणाच्या ताटातून आला आणि तो हरल्यावर घरी कोण उपाशी राहील, हे दोन प्रश्न तेथेही विचारले जातात. पिकाचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याजवळ शेजारी मदतीला उभे राहू शकतात. आकड्यावर हरलेला मात्र आपले दुःख सहसा लपवतो. त्याला पापी ठरवून दूर लोटण्यापूर्वी त्याच्या घरची चूल पेटली आहे की नाही हे पाहणे, हे या शिकवणीतील शेजारधर्माचे पहिले काम होय.