ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष निघाली तर

वडगाव मावळमध्ये मागवलेला मोबाइल बंद निघाला आणि कंपनी बंगळुरूची असली, तर दाद मागायला बंगळुरू गाठावे लागते, असे आपल्या अनेक तरुणांना वाटते. म्हणून ते गप्प बसतात आणि हप्ते मात्र भरत राहतात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मावळकरांसाठी तो पुण्यात.

'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ सदोष वस्तूला लागू नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, पैसेही अडवू शकत नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असा नियम आहे. नुसते फोनवर भांडू नका, त्याचा पुरावा उरत नाही. बिल, खोक्यावरचे लेबल, दोषाचे फोटो जपा.

दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुढे आयोग: दोन वर्षांची मुदत, वकील सक्तीचा नाही, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरूनही दाखल होते.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पैसे परत मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कोणी मागून फसवलेच, तर लगेच १९३० वर कळवा.