स्थान व दिशा यांचे वर्णन (बालगणित)

एखादी वस्तू, व्यक्ती किंवा गाव कुठे आहे आणि तिथवर जाण्यासाठी कोणीकडे वळावे, हे दुसऱ्या एखाद्या ठिकाणाच्या आधाराने सांगण्याच्या कौशल्याला बालगणितात स्थान व दिशा यांचे वर्णन म्हणतात. ज्याच्या आधाराने सांगायचे ते ठिकाण म्हणजे संदर्भबिंदू. तो ठरल्याखेरीज ‘पुढे’, ‘मागे’, ‘अलीकडे’ या शब्दांना निश्चित अर्थ येत नाही. मुलांना हे शब्द बहुधा येत असतात, पण संदर्भबिंदू बदलला की उत्तरही बदलते हे उमगायला वेळ लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या मुलांजवळ याचे उदाहरण रोजच्या रस्त्यावरच असते. अहिल्यानगरहून पूर्वेकडे पाथर्डीला जाताना आधी करंजी आणि मग तिसगाव लागते. त्यामुळे नगरहून येणाऱ्याला करंजी तिसगावच्या अलीकडे असते, तर पाथर्डीहून निघालेल्याला तीच पलीकडे. एसटीने दोन्ही बाजूंनी गावात आलेल्या मुलाने हे पाहिलेले असते; शिक्षकाने त्याला ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावायचे असते, आणि नेमके तेच पुष्कळदा राहून जाते.

ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी १९४८ मधील ग्रंथात असे मांडले की, मुलांना प्रथम आत–बाहेर, जवळ–दूर असे संबंध कळतात आणि पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असलेले डावे–उजवे, पुढे–मागे हे संबंध मागाहून कळू लागतात. स्वतःचा उजवा हात ओळखता येणाऱ्या मुलाला समोरच्याचा उजवा हात ओळखायला आणखी काही वर्षे लागतात, हेही पियाजे यांनी त्यापूर्वी नोंदवले होते. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ मध्ये या मताला मर्यादा घातली: पोलिसापासून बाहुली लपवण्यासारखा अर्थपूर्ण प्रसंग दिला, तर चार वर्षांच्या आसपासची बहुतेक मुलेही दुसऱ्याच्या नजरेने जागा पाहू शकतात. अंगणवाडी आणि पहिली–दुसरीच्या वर्गासाठी हा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे, कारण वयाची वाट पाहत बसण्यापेक्षा प्रसंग नीट निवडणे शिक्षकाच्या हाती असते.

डाव्या–उजव्याच्या पाठात नेहमी घडणारी चूक साधी आहे. शिक्षिका वर्गाकडे तोंड करून उजवा हात वर करते, तेव्हा मुले आरशातल्याप्रमाणे डावा हात उचलतात आणि तो त्यांना उजवा वाटू लागतो. म्हणून सुरुवातीला तिने वर्गाकडे पाठ करून उभे राहावे. ‘जेवायचा हात तो उजवा’ ही खूण डावखुऱ्या मुलाची फसगत करते, त्यापेक्षा सर्वांच्या उजव्या मनगटाला दोरा बांधणे बरे. यानंतरचा टप्पा सूचना देण्याचा असतो. मैदानात एका मुलाचे डोळे बांधून इतरांनी त्याला “तीन पावलं पुढं, आता उजवीकडं वळ” असे सांगत खापरीपर्यंत न्यायचे, म्हणजे जागच्या जागी उजवीकडे वळणे आणि न वळता उजवीकडे सरकणे यांतला फरक सांगणाऱ्यालाच स्पष्ट करावा लागतो. सीमोर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून विकसित केलेल्या ‘लोगो’ या संगणकभाषेतील कासव अशाच सूचनांवर चालते.

पूर्व, पश्चिम, दक्षिण व उत्तर या दिशा पाहणारा फिरला तरी बदलत नाहीत, म्हणून त्यांना निरपेक्ष दिशा म्हणतात. उगवत्या सूर्याकडे तोंड केले की पुढे पूर्व, मागे पश्चिम, डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण, असे शिकवण्याची रूढ पद्धत आहे. परंतु तिसगावच्या अक्षांशावर, सुमारे १९ अंश उत्तर येथे, शाळा सुरू होतात त्या जूनमध्ये सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो. माध्यान्हीची सावलीही मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत दक्षिणेला पडते, एरवी उत्तरेला. हा पाठ २३ सप्टेंबरच्या किंवा २१ मार्चच्या सुमारास घेतल्यास सूर्य पूर्वेलाच उगवताना दिसतो, आणि जूनमध्ये पाहिलेल्या जागेशी त्याची तुलना करता आली तर मुलांना निरीक्षणाचा फार चांगला विषय मिळतो.

सापेक्ष आणि निरपेक्ष दिशा एकत्र दाखवण्यास देवळाची प्रदक्षिणा उपयोगी पडते. जवळच्या मढी येथे कानिफनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या मुलांना तिची सवय असते: चालताना गाभारा सतत उजव्या हाताला राहतो, मात्र तोंड क्रमाने चारही दिशांना फिरते. तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना निरपेक्ष दिशांची गरज विशेष भासते, कारण कारखान्याच्या फडावर गावातील ओळखीच्या खुणा नसतात आणि सूर्य तेवढा सोबत असतो.

भिंतीवरच्या नकाशामुळे उत्तर म्हणजे ‘वर’ असा समज पक्का होतो. त्यासाठी जिल्ह्याचा नकाशा प्रथम जमिनीवर अंथरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवावी, मुलाला तिसगावच्या ठिपक्यावर बोट ठेवून पाथर्डीकडे तोंड करायला सांगावे, आणि अशी बरीच उजळणी झाल्यावरच तो नकाशा भिंतीवर लावावा.