तळघरातील घंटा

वर्ग उबदार ठेवण्याची काळजी आपल्या बहुतेक शाळांना कधी करावी लागत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मात्र हिवाळ्यात पारा शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. तेथील व्हाइटवॉटर गावी शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेत वॉरेन जॉन्सन हे अध्यापक होते. शाळेची भट्टी तळघरात असे. वर्ग कितपत तापला हे पाहावयास शिपाई ऐन पाठ चालू असता आत येई आणि मग खाली जाऊन झडपा फिरवी. तासाचा असा रसभंग किती सलतो, हे शिक्षकावाचून कोणास कळणार!

जॉन्सन यांनी वर्गातील उष्णतेची वर्दी तळघरात घंटा वाजवून देणारे विद्युत्-उपकरण सिद्ध केले. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले आणि १८८५ त मिलवॉकी येथे कंपनी निघाली. पुढे १८९५ च्या पेटंटाने, दाबलेल्या हवेच्या बळावर, प्रत्येक खोलीचे तापमान वेगवेगळे राखणे साधले.

तथापि अशा यंत्राची सारी शहाणीव त्याच्या जागेवर अवलंबून असते. ते रेडिएटरजवळ लावले, तर खोली गारठलेली असतानाच ‘पुरे’ म्हणते. बाहेरच्या थंड भिंतीवर लावले, तर मुले घामाघूम झाली तरी त्याचे समाधान होत नाही. म्हणून ते आतल्या भिंतीवर, साधारण छातीच्या उंचीवर लावतात. रेडिएटर मात्र खिडकीखालीच हवा. काचेशी गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते. तिला तेथेच ऊब भेटली नाही, तर ती जमिनीलगत सरकत थेट मुलांच्या पायांशी येते.